किती शून्यं होती, ताई?

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही चरणी. त्यातला एक तू आत्ता आपटत असशील, त्यालाही.) तुझी तब्येत, भावोजींचं पोट आणि भाचीची पाढ्यांशी चाललेली मारामारी हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण अकरा आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, कामात असशील. मग वाटलं, फोन बिघडला असेल. मग भावोजींना लावला, तर मागून तुझाच आवाज आला, 'मी घरात नाही म्हणून सांगा.' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तू रागावली आहेस. का रागावलीस ते मात्र काल दुपारपर्यंत कळलं नव्हतं. त्याकडे येतोच, पण आधी माझी कर्मकथा ऐक, कारण ती आणि तुझा राग एकाच दिवशी जन्मले आहेत.

माझं काम काय, हे तू दर वेळी विचारतेस, मी दर वेळी सांगतो आणि भावोजी दर वेळी 'म्हणजे जेलीच ना?' म्हणतात. बरं बाबा, जेलीच. नऊ भाग पाणी आणि एक भाग लांबलचक धागे, डोळ्यांना न दिसणारे. खायच्या जेलीला चमचा लागला की ती मोडते. आमची ताणली की लांबली पाहिजे, सोडली की मुकाट्याने मूळ जागी आली पाहिजे, आणि हजारदा ताणली तरी तुटता कामा नये. कारण उद्या ती माणसाच्या गुडघ्यातल्या झिजलेल्या गादीच्या जागी बसवायची आहे. (बाबांच्या गुडघ्याकडे बघूनच मी हा विषय घेतला, हे कधी कोणाला बोललो नाही. आता बोललो तर तुला खरंही वाटणार नाही म्हणा.) धागे एकमेकांना बांधायला त्यात गाठीचं औषध घालतात. जास्त झालं की जेली ताठ होते आणि फुटते, कमी झालं की ओघळते. फार ताणलं की तुटतं, हे जगाला न शिकता कळतं. मी मात्र चार वर्षं सकाळी ताणतोय आणि संध्याकाळी 'तुटलं' असं लिहून घरी जातोय.

आमच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांचं नाव आम्ही 'अजून एकदा' ठेवलंय, कारण त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य येत नाही. तर अकरा आठवड्यांपूर्वी एका बुधवारी मी एक खेप घातली, पाच दिवस मुरवली आणि तिची पट्टी यंत्राच्या जबड्यात धरली. ती दुप्पट झाली, पाचपट झाली, वीसपट झाली. यंत्राचा जबडा वर जाऊन टेकला आणि थांबला, पट्टी तुटली नाही. (यंत्र हरलं, ताई! यंत्र!) साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, कसं केलंस? मी छाती फुगवून वही पुढे केली. त्यांनी ती वाचली, वरच्या समितीला पत्र धाडलं, आणि मग म्हणाले, अजून एकदा.

तिथून माझे ग्रह फिरले. वहीत होतं तसं तंतोतंत केलं, फुटली. पाणी बदललं, फुटली. हात बदलला (शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून करून घेतलं, त्यांच्या हाताला गुण आहे म्हणतात), तरी फुटली, आणि एक तुकडा उडून साहेबांच्या चहात पडला. त्यांनी तो चमच्याने काढला, निरखला आणि म्हणाले, अजून एकदा. एकदा चिडून औषधच घातलं नाही, तर सगळं ओघळून ड्रॉवरमध्ये गेलं. तिथला स्टेपलर अजून जागचा हलत नाही. मूळ पट्टी तरी असावी, तर ती साहेबांनी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला टेबलावर ठेवली आणि तिचं वाळून नख झालं. आता नऊ दिवसांनी समिती येतेय. तिच्यासमोर तशी पट्टी ताणली नाही तर माझी इथली जागा गेली. साहेब तसं म्हणाले नाहीत, पण परवा माझ्या टेबलाची लांबी-रुंदी मोजून गेले. एका खेपेला पाच दिवस, म्हणजे माझ्याकडे एकच खेप उरली. मी अगदी टेकीला आलोय गं.

आणि काल दुपारी बाबांचा फोन आला. सहज म्हणाले, ताई अजून धुसफुसतेय, त्या बुधवारी तू असं बोलायला नको होतंस. मी म्हटलं, काय बोललो? त्यांनी सांगितलं, आणि मला त्या दिवसाचं सगळं आठवलं. तुझा फोन आला तेव्हा मी तराजूपाशी होतो. (तिथे फोनला बंदी आहे. हे पत्र कोणाला दाखवू नकोस.) फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, हातात गाठीच्या औषधाचा चमचा. बाबा जिन्यात घसरले, आता बसून एकेक पायरी उतरतात, असं तू सांगत होतीस आणि मी हं हं करत होतो. शेवटी तू वैतागून विचारलंस, 'बाबांबद्दल तुला काही वाटतं तरी का रे? किती वाटतं, सांग एकदा!' आणि मला मेल्याला आकडे मोठ्याने वाचायची खोड. तराजूवर दिसलं ते वाचलं: शून्य पॉइंट शून्य... तू फोन आपटलास, मला वाटलं लाइनच तुटली. मी दचकून औषध घालणं अर्धवट सोडलं आणि वहीत सवयीने नेहमीचा आकडा लिहून मोकळा झालो.

म्हणजे तू ऐकलास तेवढ्याच आकड्याचं औषध पडलं, त्या खेपेत गाठी जवळजवळ नव्हत्याच! धागे नुसते एकमेकांत गुंतले होते. तुझी लोकरीची पिशवी आठव. तू मला गुंता सोडवायला बसवायचीस, मी हिसके मारायचो. लोकर तुटायची ती गाठीपाशी, गुंता नुसता सरकून लांब व्हायचा.

पण सगळा दोष तराजूवर ढकलत नाही. तू रडत होतीस आणि तुझा प्रश्न माझ्या कानात शिरलाच नाही, हे त्या आकड्याहून वाईट. चार वर्षं जगाच्या गुडघ्यांसाठी राबतोय, आणि घरचे गुडघे जिना बसून उतरतात हे ऐकून हं हं केलं. माझी मलाच लाज वाटते. माफ कर.

तुझा (अजून असलो तर),
धाकटा

ता. क. : आता मुख्य काम. भांडणातलं प्रत्येक वाक्य तुला स्वल्पविरामासकट आठवतं. (मी तुझं खोडरबर गिळलं होतं, हे तू भावोजींना पहिल्याच भेटीत सांगितलंस.) तर कृपा करून कळव, पॉइंटनंतर शून्यं किती होती? एक, दोन की तीन? शिव्या जरूर घाल, पण आकडा आधी लिही.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. म्हटलं, बाबांनीही ऐकलं म्हणजे तुझा फोन स्पीकरवर असणार, तर त्यांनाच विचारावं. ते म्हणाले, शून्यं किती ते नाही बुवा आठवत, पण शेवटी सात होता. ताईला मी तेव्हाच म्हटलं, उगाच रडतेस, अगदीच शून्य नाही म्हणाला तो, सात आहे की शेवटी. मला तेवढं पुष्कळ झालं, म्हणाले. ताई, तो सात औषधाचा होता, पण मी 'हो बाबा' म्हणून फोन ठेवला. समिती गेली खड्ड्यात. शून्यं तुझ्याजवळच ठेव, मी शनिवारी येतोय.