बधिर ओठांनी केलेलं कथावाचन

तीर्थस्वरूप मावशीस,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं.) तुझे गुडघे काय म्हणतात? काका कानातलं मशीन कानात घालतात की तुझं बोलणं सुरू झालं की अजूनही खिशात ठेवतात? आम्ही सगळे मजेत. म्हणजे बायको मजेत आहे आणि मी तिच्या देखरेखीखाली आहे.

तुला ठाऊकच आहे, दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मी कवळ्या बनवतो आणि जेवणाच्या सुट्टीत गोष्टी लिहितो. लिहिलेलं सगळं कपाटात, प्लास्टरच्या जबड्यांमागे. (जबडे कायम हसतमुख असतात, त्यामुळे श्रोते म्हणून फार गुणी.) तर बायको एकदा डबा द्यायला आली, तिने कपाट उघडलं, उभ्या उभ्या दोन गोष्टी वाचल्या आणि मला न विचारता वाचनालयाच्या कथावाचनात माझं नाव देऊन मोकळी झाली. मी हाय खाल्ली. जेवण जाईना, झोप लागेना, वर तोंड आलं. बायको पडली शाळेत खेळाची शिक्षिका; तिच्या मते जगातल्या कुठल्याही संकटात हात वर करून दीर्घ श्वास घ्यायचा असतो. ‘गोष्ट वाचायची आणि तब्येतही सांभाळायची, दोन्ही जमतं,’ असं म्हणून तिने मला गॅलरीत उभं केलं. समोरच्या इमारतीतल्या गृहस्थांना वाटलं मी त्यांनाच बोलावतोय. ते चप्पल घालून आलेसुद्धा.

वाचनाच्या दिवशी तोंड इतकं झोंबायला लागलं की आमच्या डॉक्टरीणबाईंनी बधिर करायचं मलम दिलं. कणभर लावा, म्हणाल्या. मी विचार केला, कणभराने माझ्यासारख्या भित्र्या माणसाचं काय होणार? ओठ, हिरड्या, जीभ, जे जे सापडलं त्याला चोपडलं आणि माईकपुढे उभा राहिलो. माझ्या गोष्टीचं पहिलं वाक्य होतं, ‘सासूबाई सकाळपासून सुनेची वाट पाहत होत्या.’ ते बाहेर पडलं, ‘थाथूबाई थकाळपाथून थुनेची…’ सभागृह खदाखदा हसलं. मी पुढे रेटलं. अगं, सासूबाई मरायला टेकल्या होत्या आणि लोक पोट धरून हसत होते! मागच्या रांगेत बायको दोन्ही हात वर करून श्वास घेत होती. मला रडू यायच्या बेतात होतं. मागच्या दाराने पळून जावं असंही वाटलं. पण सासूबाईंना तशा अवस्थेत टाकून जाणं बरं दिसेना. मी कागद खाली ठेवले आणि म्हटलं, ‘तोंड बधिर झालंय. मला थोडा वेळ द्या.’ (ते ‘थोला वेल’ असं ऐकू गेलं.)

पहिल्या रांगेतल्या एक निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, ‘बसा निवांत. आम्हाला कुठे घाई आहे?’ आणि मावशी, लोक खरंच थांबले! मी खुर्चीवर बसून गाल चोळत होतो. कुणी पाणी आणून दिलं. जीभ ठिकाणावर आल्यावर मी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कुणी हसलं नाही. गोष्ट संपली. मग एक आजोबा तरातरा पुढे आले, त्यांनी तोंडातली कवळी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणजे काय, तर ती उजवीकडे टोचत होती. मी त्यांना सोमवारी यायला सांगितलं. ती परत बसवून ते दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, ‘सून घरी येईपर्यंत म्हातारीला जगवायला हवं होतं हो तुम्ही.’ त्यांचे डोळे लाल होते.

तेव्हापासून भूक लागते, झोप लागते आणि लोकांच्या मताची मला काडीची पर्वा उरलेली नाही. काकांना नमस्कार. (मोठ्याने सांग.)

तुझा,
कवळीवाला भाचा

ता. क. पर्वा नाही हे वरचं वाक्य बायकोने वाचलं आणि ती अजून हसतेय.

ता. क. दुसरा : पाकीट जाड का आहे, हे तू विचारशीलच. आत एक नवी गोष्ट आहे. ती आईवर आहे. बायकोलाही दाखवलेली नाही. तू आईची धाकटी बहीण, आधी तू वाचावीस असं वाटलं. कुठे चुकलं असेल तर सांग, उगाच गोडगोड झालंय असं वाटलं तरी सांग. फक्त वाचून झाल्या झाल्या फोन करू नकोस. आधी दोघीही— म्हणजे तू आणि मी— जरा रडून घेऊ, मग बोलू.

ता. क. तिसरा : ‘दोघीही’ नव्हे, ‘दोघंही’. खोडत नाही. आई असती तर तिने हेच आधी पकडलं असतं.