सुभेदारांचा शेरा

हर्सूल,
९ नोव्हेंबर २०२५

फारूखभाई,

सलाम. पैठणची हवा मानवली असेल. मेहरुन्निसा वहिनींचे गुडघे कसे आहेत? इथं तुमच्या घरात नवे भाडेकरू आलेत. बरे आहेत, पण बोलायची सवय नाय. तलावावर मी आता एकटाच फिरतो.

तुमच्या अम्मारची नोकरी गेल्याचं दूधवाल्याकडून कळलं. तुम्ही मला कळवलं नाही, ते बरोबरच केलं.

मे महिन्यात सीमेवर चकमकी चालू होत्या, तेव्हा कॉलनीच्या ग्रुपवर तुमच्या गच्चीवरच्या अँटेनाचा फोटो फिरला. खाली लिहिलं होतं, ‘इथून ड्रोनला सिग्नल जातात.’ मुळात कुठून आला, अजून ठाऊक नाही. ग्रुप चालवणाऱ्या बन्सीनं तिथंच मला विचारलं, "सुभेदारसाहेब, फौजेत तुम्ही कॉम्प्युटर सांभाळलेत. हे काय असावं?"

मी लिहिलं, "सांगता येत नाही. चौकशी झालेली बरी."

एवढंच. माझ्या हुद्द्यासकट ते शहरभर गेलं. संध्याकाळी पोलीस अम्मारला घेऊन गेले. काही सापडलं नाही, दोन दिवसांनी सोडलं. तोवर पोलिसांसोबतचा त्याचा फोटो त्याच्या कंपनीपर्यंत पोचला होता.

तुम्ही घर सोडलं त्या दिवशी मी म्हणालो, "मला काय माहीत होतं?" फारूखभाई, ते खोटं होतं. अँटेना इंटरनेटची आहे हे मला ठाऊक होतं. अम्मार ती बसवत होता तेव्हा खाली शिडी मी धरली होती. "काका, दिशा बरोबर आहे ना?" असं त्यानं मलाच विचारलं होतं.

ग्रुपवर दीडशे माणसं. तुमची बाजू घेतली तर मलाही देशद्रोही म्हणतील, अशी भीती वाटली. सव्वीस वर्षं वर्दी घातलेल्या माणसाला.

फौजेत मी जवानांना शिकवायचो, शत्रू यंत्रांत शिरतो तसा माणसांतही शिरतो. ज्याच्यावर लोकांचा भरवसा, त्याच्या तोंडून खोटं वदवलं की त्याचं काम झालं. आता वदवणारा शत्रू होता की गल्लीतलाच कुणी, देव जाणे. बोललो मी.

काल हे सगळं ग्रुपवर लिहिलं. बन्सी बोलायचा बंद झालाय. पोलीस ठाण्यात लेखी जबाब दिला, त्याची शिक्क्याची प्रत सोबत आहे. अम्मारच्या कंपनीला पाठवा. लई उशीर झालाय, उपयोग होईलच असं नाय.

पत्र अम्मारला वाचून दाखवा. नको म्हणाला तर आग्रह करू नका. माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

माहीत असून गप्प राहिलेला,
तुमचा शेजारी
पुंजाराम