डफीसाठी छप्पर

३ सप्टेंबर
पिकअप आता माझी. आजोबांनी किल्ली देताना एकच अट घातली: दर रविवारी डफीला बिलिंग्जला घेऊन यायचं. त्यांच्या वृद्धाश्रमात कुत्रा आत नेता येत नाही, पण पार्किंगमध्ये भेटता येतं. मी म्हटलं, ही काय सांगायची गोष्ट झाली? आजवर नुसता भटकलो. आता एक तरी काम नीट करणार.

७ सप्टेंबर, रविवार
गेलो नाही. डफी पुढे माझ्याशेजारी बसत नाही. जन्मभर मागच्या उघड्या हौद्यात उभा राहून, कान उडवत फिरलाय. म्हातारं कुत्रं, त्यात हायवेचा वारा. आजारी पडला तर आजोबांना काय तोंड दाखवू? आधी छप्पर. एक तर कॅप, म्हणजे हौद्यावर खिडक्याबिडक्यांची अख्खी खोली. नाहीतर कव्हर, म्हणजे सपाट झाकण. शांतपणे ठरवू. घाईघाईत केलेली कामं मला आवडत नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार
आजोबांचा फोन. कॅपचे फायदे, कव्हरचे फायदे, मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. ते म्हणाले, डफी कसा आहे? म्हटलं, त्याच्यासाठीच तर चाललंय. फोन ठेवल्यावर कॅपच्या किमतींची यादी करायला बसलो.

२१ सप्टेंबर
कॅप बघायला माइल्स सिटीला गेलो. बिलिंग्जच्या जवळजवळ तिप्पट लांब, पण तो मुद्दा वेगळा. वाटेत नदीकाठी एक माणूस अगेटचे, म्हणजे रंगीत पट्ट्यांचे, खडे शोधत होता. मीही उतरलो. दोन सुरेख मिळाले. कॅप बघायची राहिली. एक खडा आजोबांना द्यायचा. भेट झाली की.

५ ऑक्टोबर
शेवटी कापडी कव्हर घेतलं. बसवून झाल्यावर प्रश्न पडला, कुत्रा झाकणाखाली बसणार कसा? हे दुकानदाराने सांगायला नको? डफी उडी मारून झाकणावरच बसला. मग नखं लागली, मग कापड फाटलं, मग डफी आत. शेजारची लोर्ना कुंपणापलीकडून सगळं बघत होती. म्हणाली, माझ्या गाडीतून नेऊ का त्याला? मी स्पष्ट सांगितलं, शब्द मी दिलाय.

१९ ऑक्टोबर
कॅप! जुनी आहे, पण दणकट. चढवताना लोर्नाच्या दोन्ही मुलांच्या कमरा धरल्या. आत गालिचा टाकला. डफी हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी बसकण मारून बघत राहिला. आत सॉसेज टाकलं. तो गेला, खाल्लं, बाहेर आला. कुत्र्याला समोर उदाहरण लागतं, म्हणून मीच आत आडवा झालो. जाग आली तेव्हा अंधार पडला होता.

२६ ऑक्टोबर
अजून उदाहरण घालून देतोय. रोज कॅपमध्येच झोपतो. आजोबांचा फोन वाजला. हात ओले होते.

२ नोव्हेंबर
उशिरा उठलो. डफी नाही. अंगण, गल्ली, ओढा, सगळीकडे हाका मारल्या. आजोबांचा कुत्रा हरवला मी. हे फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून सरळ बिलिंग्ज गाठलं. वाटभर वाक्यं जुळवत होतो, एकही धड जुळलं नाही.

पार्किंगमध्ये लोर्नाची उघडी पिकअप. हौद्यात डफी. फाळक्यावर आजोबा, पायांवर घोंगडी. लोर्ना म्हणाली, विचारायला कॅपच्या काचेवर टकटक केली होती, तू घोरत होतास.

आजोबा काठी टेकत माझ्या पिकअपला फेरी मारून आले. कॅप ठोकून बघितली. चांगली आहे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरा, कुत्रा येत नव्हता तर एकट्याने यायचंस. डफीचं मी निमित्त केलं होतं. नुसतं ये म्हटलं असतं तर तू आला नसतास."

मी खिसे चाचपले. अगेटचा खडा घरीच राहिला होता. म्हणून मी त्यांना कॅपची सरकती खिडकी दाखवायला गेलो.

सरकली नाही.