तुमच्या डब्यात ब्रेक होता

बाबा, जुनवानीच्या घरी आले आहे. आईला वाटतं सुट्टीवर आले. खरं म्हणजे मला काही दिवस माइकपासून लांब ठेवलंय. हे तुम्हाला लिहितेय, पण पाठवणार कुठे?

तुम्ही मालगाडीचे गार्ड. आई मला घेऊन फाटकापाशी उभी राहायची. शेवटच्या डब्यातून तुम्ही हिरवी झेंडी दाखवायचात आणि मी हात वर करीपर्यंत ती खाली घ्यायचा नाहीत. माझा वर गेलेला हात म्हणजे माझी हिरवी झेंडी, सगळं ठीक. एकदा ताप असतानाही मी हात वर केला. घरी येऊन तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात आणि भडकलात. "आंग भाजून राहिलं अन् हात वर करतं? ठीक नसन तं हिरवं दाखवाचं नाई. कोनालेच नाई!" आई म्हणाली, "लेकरू हाय ते, इंजन नाई." तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी.

विमानतळाच्या टॉवरमध्ये मीही तेच करते. मी सांगायचं, वैमानिकानं ते परत म्हणायचं, मी नीट ऐकायचं. त्या दुपारी एका विमानाला उतरायची परवानगी दिली, त्यानं ती बरोब्बर परत म्हटली. तेवढ्यात पक्षी हाकलणारी जीप न विचारता धावपट्टीवर आली आणि तिथेच बंद पडली. मी माइकवर ओरडले, उतरू नका, वर जा. उत्तर नाही. त्यांच्या माइकचं बटण दबलेलं राहिलं होतं. तसं झालं की त्यांचं सगळं मला ऐकू येतं, माझं काहीच त्यांना पोचत नाही. बाबा, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. दोघं शांतपणे एकमेकांना विचारत होते, चाकं खाली? खाली. कोणीतरी खोकलं. मी टॉवरमधला लाल दिवा त्यांच्यावर रोखला, पण भर उन्हात तो कोणाला दिसणार! तुमच्या डब्यात ब्रेक होता. ड्रायव्हरला कळलं नाही तर तुम्ही मागून गाडी थांबवू शकत होतात. मी काय ओढायचं होतं, सांगा ना. मी काचेवर हात आपटत होते. शेवटी जीप त्यांना स्वतःलाच दिसली आणि विमान वर गेलं. कोणाला खरचटलंही नाही.

सगळे म्हणतात, तुझं काही चुकलं नाही. हेच मला खातंय. चुकलं असतं तर सुधारलं असतं. सगळं बरोबर करूनही आवाज पोचला नाही, मग मी परत त्या खुर्चीत कशाच्या भरवशावर बसू? आईला साधं मीठ मागितलं तरी मी विचारते, ऐकलंस ना? ती वैतागते, "आयकलं ना माय, कितीदा विचारतं?" मला भीती वाटते, बाबा. फार भीती वाटते.

आज फाटकावर गेले होते. हल्ली पुष्कळ मालगाड्यांना गार्डचा डबाच नसतो, मागे नुसता एक लाल दिवा लुकलुकत जातो. तो जाईपर्यंत उभी राहिले. तिथेच टॉवरच्या साहेबांचा फोन आला, "सोमवार से आ रही हो ना? सब ठीक?" मी म्हटलं, "जी सर, सब ठीक." आणि बाबा, फोनवर कोणाला दिसत नाही, तरी माझा हात वर गेला होता.