दिंद्रुडच्या माळावर राहिलेला फेरा

मी, मुनिरा, मरहूम इसाक मेकॅनिक यांची बायको, वय एकाहत्तर, राहणार केज, जिल्हा बीड, हे लिहून ठेवते. चौथी शिकले. अक्षर वाकडं हाय, डोकं न्हाई. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा वासिफ उद्या म्हणेल, म्हातारीला भ्रम झालता. कुणी दाब दिलेला नाही. मला दाब देणारा अजून जन्मायचा हाय.

घर आणि गॅरेजची जागा वासिफ आणि मुलगी रुबीना यांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावी. वसियतीने तिसरा हिस्सा वारसांबाहेर देता येतो, हे मी मौलानांना दोनदा विचारलं. माझ्या नावावरची जीप त्या हिश्शात बसते.

जीप आणि इसाकचे गॅरेजातले सगळे पाने-पकडी माझी नात शाईस्ता, वासिफची पोरगी, हिला. वासिफला जीप आमच्याकडचे पुढारी सुंदरराव यांच्या शेतातल्या बंगल्यापुढं शोभेला उभी करायची हाय. ती मी त्याला काहून देत न्हाई, ते वाचा.

२०१९ साली सुंदररावांनी दिंद्रुडच्या माळावर बारा तासांची जीप शर्यत ठेवली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. ज्याचे फेरे जास्त तो पहिला, पण सहाच्या झेंड्याला गाडी चालती पाहिजे. इसाकने भंगारातून ते इंजिन दोन वर्षं बांधलं होतं. वासिफ चालवत होता, रेडिएटरमध्ये पाणी मी ओतत होते. साडेपाचला आमी चार फेऱ्यांनी पुढं.

शेवटचं पाणी घ्यायला जीप थांबली, तर सुंदरराव फोटोवाला घेऊन हजर. त्यांना सहाला माजलगावात दुसरा सत्कार होता, म्हणून आमचा आधीच उरकायचा. दोन माणसांनी उचललेला झेंडूचा हार त्यांनी बोनेटपुढच्या जाळीवर सुतळीने आवळला. जाळीला वारा लागला नाही तर पाणी उकळतं, हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक. मी हार ओढायला गेले. वासिफने माझा हात धरला.

"अम्मी, साहेबांचा हार हाय. काढला तर अपमान होईल."

सुंदरराव हसले. "भाभी, आता जिंकल्यातच जमा."

सहाला तीन मिनिटं कमी असताना जीप धूर ओकत थांबली. इंजिन जाम. सुंदरराव तोवर निघून गेलते. दुसऱ्या दिवशी गावभर सांगत सुटले, जुनं भंगार होतं. इसाक पुढं दीड वर्ष जगले, पण ते बोनेट त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

फ्रान्सात चोवीस तासांची शर्यत असते, ती शाईस्ताने मोबाईलवर दाखवली. २०१६ला पहिली असलेली जपानी गाडी तीन मिनिटं राहिली असताना बसली. मी विचारलं, हार कुणी घातलता? ती म्हणाली, "दादी, तिकडं हार झेंड्यानंतर." एवढं आपल्या माणसांना कळू नये? १९६९ला म्हणे शर्यत सुरू होताना सगळे पळत गाड्यांकडं गेले. एकजण चालत गेला, पट्टा नीट बांधला, सगळ्यांच्या मागून निघाला, अन् त्याचीच गाडी जिंकली. ही पोरगी तसली. वर्षभर खपून तिनं ते इंजिन परत चालू केलं. बाप एक बोल्ट धरू लागला नाही.

वासिफला त्याच्या बैठकीतला हार घातलेल्या जीपचा फोटो. जन्मभर बघत बसावं.

माझ्या मयतीपासून चाळीस दिवसांच्या आत शाईस्ताने माळावर तो राहिलेला फेरा पुरा करावा. जाळी उघडी असावी.

माझ्या कबरीवर फुलांची चादर नको. सुंदरराव मातीला आले तर येऊ द्यावं, पण कब्रस्तानच्या फाटकावर त्यांच्या हातात काय हाय ते बघावं. हार असला तर वासिफने पुढं व्हावं. त्या दिवशी त्याने माझा हात धरला. या वेळी त्यांचा धरावा.

सही: मुनिरा इसाक शेख

साक्षीदार:
छबुबाई, शेजारीण, केज (डाव्या हाताचा अंगठा)
शहादेव, दिंद्रुड (सही). शर्यतीला झेंडा यांच्याच हातात होता. फेऱ्यालाही यांनीच धरावा.

मुक्काम केज, १२ जानेवारी २०२५