साठीशांतीतलं पळतं गाणं

बंगळूर, ता. ८ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. अंबुमामींस, विश्वेश्वरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शब्दशः घ्यावा, हे पत्र मी जवळजवळ लोळूनच लिहितो आहे.)

निपाणीची हवा मानवत असेल, गुडघ्याला उतार असेल आणि तुमच्या भावाकडे कुणी काही वाजवत नसेल, अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम असं लिहिणार होतो. पण तुम्ही रुसून गेल्यापासून जयनगरच्या घरात दोन्ही वेळा उप्पीट होतं, तेव्हा क्षेम मागे घेतो. मामा माझ्याशी बोलत नाहीत.

मामांना क्लबात शिकलेला तो सावकाश विलायती नाच तुमच्याबरोबर एकदा चारचौघांत करायचा होता. ‘इश्श’पासून ‘बरं’पर्यंत यायला तुम्ही पस्तीस वर्षं घेतलीत. मग मामांच्या साठीशांतीचा मुहूर्त ठरला, आणि महिनाभर तुम्ही दोघं दार लावून सराव करत होता, हेही मला ठाऊक आहे (रेकॉर्ड माझीच होती).

आता माझी अक्कल ऐका. मी पीण्याच्या कारखान्यात गिअर तपासतो, केसाएवढी चूक मला सापडते. आणि रविवारी दुपारी पबात दोन तबकड्यांवर गाण्याला गाणं जोडतो. लंडनहून निहारने (तुमच्या हातचे कडबू मोजून नऊ खाणारा माझा मित्र) तुमच्या नाचाच्याच गाण्याचं गॅराज रीमिक्स (गॅराज म्हणजे तिकडचा एक पळता ठेका) तबकडीवर पाठवलं. बाई तीच, शब्द तेच, पण ढोल असे की मागे कुत्रं लागलंय. तुमच्या गाण्यात मिनिटाला नव्वद ठोके, यात एकशे बत्तीस. वेग जुळवायची कळ कितीही ओढा, आठ टक्क्यांपुढे सरकत नाही. म्हणून मी युक्ती काढली. ढोल थांबून नुसती बाई गाते, तिथे हे घुसवायचं. नाच तीन मिनिटांचा, असं मामांनी सांगितलं होतं. म्हणजे तीन मिनिटांनी तुम्ही बसणार, पोरं उठणार. वहीत सगळं मांडून तीन आठवडे घोटलं.

नाचायला उठल्यावर तुम्ही आधी वडीलधाऱ्यांच्या पाया पडाल, हे मात्र वहीत नव्हतं. पहिल्या रांगेत अकरा वडीलधारे! शिवलीलाअक्कांनी आशीर्वादाबरोबर गुडघ्यावरचं तेलही सांगितलं म्हणे. (म्हणे, कारण मी हेडफोन लावून, मान खाली घालून ठोके मोजत होतो.) गाणं आपलं चाललेलंच. तुम्ही मामांच्या खांद्यावर हात ठेवलात आणि माझी तीन मिनिटं भरली.

जोड इतकी बेमालूम बसली की मी खुशीत मान वर केली. तुमच्या पायात इरकलीचा काठ आला होता, मामा तुम्हांला सावरता सावरता स्वतःच धडपडत होते आणि पोरं हसत होती. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि जाऊन खुर्चीत बसलात. मामा मधोमध एकटेच उभे राहिले. मामी, ते काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. एकदाच मान वर करून पाहिलं असतं तर! मला फार वाईट वाटतं. ती निहारची रेकॉर्ड मी त्याच संध्याकाळी गुडघ्यावर मोडली. यापुढे तबकडीला हात लावणार नाही.

तिथल्या सर्व वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो (सावकाश, एकेकाच्या).

आपला अपराधी भाचा,
विश्वेश्वर

ता. क. तुमचं मूळ गाणं शाबूत आहे. येत्या रविवारी चार वाजता, तुमच्याच घरात, बघायला कुणी नाही. परत या, मामी. स्टँडवर न्यायला येतो. तुम्ही मान हलवल्याशिवाय सुई ठेवणार नाही. (तबकडीला हात न लावणं सोमवारपासून धरावं.)

आणखी एक. रेकॉर्ड मोडली हे खोटं. मामा बोलत नाहीत हेही खोटं. रेकॉर्ड तेच मागून घेऊन गेले. आज सकाळी उप्पीट खायला गेलो, तर ते पळतं गाणं लावून, उशी छातीशी धरून, घामाघूम होऊन नाचत होते. म्हणाले, “स्वल्प जमतंय बघ. तिला कळवू नकोस. पुन्हा तिचा पाय अडकला, तर या खेपेला मला तिला धरता आलं पाहिजे.”