पाहुण्यांच्या नावाने गाऱ्हाणे

॥ श्री ॥
कोटवाडी,
ता. ४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दर्शनास,
अ. उ. आ. फोनवर बोलले की ओटीवरून हे आणि पडवीतून स्वरूप, दोघेही कान देऊन ऐकतात, म्हणून पत्र. कागद जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आहे, हसू नकोस.

घरामागच्या आपल्या मांगरात आता गुरं नि भाताची पोती नसतात, पाहुणे असतात. स्वरूपने लोट्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून तिथे रंग दिला, गॅस नि भांडी मांडली. किल्ला बघायचा, समुद्रावर जायचं आणि आपला स्वयंपाक आपणच करायचा, अशी ही नवी तऱ्हा. मला वाटीभर आमटी न्यायचीही बंदी. ह्यांनी मात्र लेकाला बजावलंय, पहिल्या पाहुण्यांनी चांगला अभिप्राय लिहिला तर ठीक, नाहीतर सोमवारी परत कंपनीच्या बसमध्ये.

शनिवारी पुण्याहून मृणाली, तिचा नवरा आणि सासू आनंदीबाई अशी तिघं आली. पहिल्या दिवशी मोकळी होती. दुसऱ्या दिवसापासून काय बिनसलं कळत नाही. कुजबुजतात. मी दिसले की उठून उभी राहतात. काल त्या नवऱ्याने आमचं अंगण झाडून काढलं. मी लपवून सोलकढी नेली, तर किटली आरशासारखी घासून परत आली. आनंदीबाईंनी तर माझा हात धरून विचारलं, आमचं काही चुकलंय का हो? स्वरूप म्हणतो, तुझ्या सोलकढीनेच बिथरली.

मी भिंतीवर चिकटवलेले नियम तेवढे तू वाच. पाणी जपून वापरावे. माडाखाली बसू नये. निघायच्या दिवशी सकाळी देवळात पाहुण्यांच्या नावाने गाऱ्हाणे घातले जाईल. यात वावगं काय आहे, सांग.

मुलांना पापा. लोभ आहे तो वाढवायचा, काटकसर तिथे नको.
तुझी तुळसाताई

लांजा,
ता. ६ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं कॅलेंडर पोचलं. वाचून इतकी हसले की इकडे दूध उतू गेलं.

अगं, मी लग्नानंतर आठ वर्षं पुण्यात काढलीत. आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे ह्यांचं भलं कर म्हणून देवाला घातलेली हाक. पुण्यात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. जाताना देवळात, गावासमोर, तुमची तक्रार केली जाईल, असं तू भिंतीवर लिहून ठेवलंयस. ती बिचारी अंगण झाडणार नाहीत तर काय करतील?

मीही पहिल्या वर्षी आजारी शेजारणीला जिन्यात सांगितलं होतं, तुमच्यासाठी गावी गाऱ्हाणं घातलंय म्हणून. महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

तो कागद आधी फाड आणि त्यांना समजाव, नाहीतर स्वरूपचा डबा भरायला घे. भावोजींना मात्र सांगू नकोस, जन्मभर ऐकवतील.

हसले म्हणून माया आटू देऊ नकोस.
तुझी दर्शना

॥ श्री ॥
कोटवाडी,
ता. ८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दर्शनास,
अ. उ. आ. पोस्टमनने तुझं पत्र हातात दिलं तेव्हा आम्ही देवळातून परतत होतो. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सकाळी तिघंही आंघोळ करून, माना खाली घालून आली. महिपत गुरवांनी नारळ हातात घेऊन खणखणीत आवाजात सुरुवात केली, तोच आनंदीबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "थांबा. बरणी मी फोडली. तुकडे माडाखाली पुरलेत. सुनेचं नाव घेऊ नका."

मांगरातल्या फळीवरची माझी लोणच्याची बरणी गं. मला पत्ताच नव्हता.

गुरवांनी तेही गाऱ्हाण्यात घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या माउलीच्या हातून बरणी फुटली, ती चूक पोटात घाल, नि ह्या लेकरांना सुखरूप घरी पोचव रे म्हाराजा." आम्ही सगळे मागून ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

मृणालीला तेव्हा उलगडलं. हसता हसता रडायलाच लागली. आनंदीबाईंनी तर गुडघ्यांसाठी वेगळं गाऱ्हाणं घालून घेतलं.

अभिप्राय तिने आमच्या ओटीवर बसूनच लिहिला. स्वरूपने मोठ्याने वाचला: स्वयंपाक आपला, भांडी आपली, झाडलोटही आपलीच, पण आपल्यासाठी देवाशी इतक्या मोठ्याने बोलणारी माणसं दुसरीकडे नाहीत, आम्ही पुन्हा येणार.

कागद मी फाडला नाही. खाली एक नियम वाढवलाय, बरणीला हात लावू नये.

पाहुण्यांची गाडी वळली तरी स्वरूप तिथेच उभा. मग हळूच विचारलंन, बाबा, मग मी राहू? हे सुपारी कातरत होते. वर न बघताच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

येताना बरणी नवी आण, लोभ जुनाच असू दे.
तुझी तुळसाताई